साहेबांचा बादलीतला मुक्काम

सोळा दिवस मी पातेल्यातून अंघोळ केली. आमच्या घरात मोठी बादली एकच आहे आणि त्या सोळा दिवसांत तिच्यात साहेब राहायला होते. पातेलं लहान, मी मोठा. दोन तांब्यांत पाणी संपायचं आणि अंगावरचा साबण तसाच घेऊन मी आतून ओरडायचो, "अहो, कोणी पाणी देता का?" कोणी देत नसे. घरातली बाकीची सगळी भांडी साहेबांसाठी भरून ठेवलेली असत, कारण साहेबांना नळाचं ताजं पाणी चालत नाही, एक दिवस शिळं झालेलं लागतं. माझ्यासाठी कोणी कधी कशाला शिळं होऊ दिलं नव्हतं, पण ते असो.

साहेब म्हणजे माझ्या सासऱ्यांचा मासा. गोल्डफिश, वय वर्षं नऊ, रंग एके काळी केशरी. सासऱ्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दिवसभर नुसतं तोंड उघडायचं-मिटायचं आणि काम काडीचं करायचं नाही, याला त्यांच्या मते साहेब म्हणतात. नाव तिथून पडलं. सासूबाई गेल्यावर त्या घरात सासरे आणि साहेब असे दोघेच उरले. गेल्या महिन्यात सासरे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून घसरले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तिथेच बसून राहिले. तेव्हापासून बायकोने त्यांच्यामागे धोशा लावला, की आता आमच्याकडे राहायला या. शेवटी ते कबूल झाले, पण अट घालून.

"साहेब जिथे, तिथे मी," ते म्हणाले. "त्यांची तिकडे सोय झाली तर राहीन. नाही झाली तर मी आपला माझ्या घरी."

मला ही अट फारच किरकोळ वाटली. एका माशाची सोय करायला काय लागतं? त्याची टाकी आणायची, टेबलावर ठेवायची, पाणी भरायचं. हा जो आत्मविश्वास असतो ना, तो माणसाच्या अंगात नेमका कुठे तयार होतो हे डॉक्टरांनी एकदा शोधून काढायला हवं, म्हणजे तेवढा भाग कापून टाकता येईल.

माझ्या आत्मविश्वासाचं कारण माझी नोकरी. मी एका कारखान्याच्या भांडारात आवक माल तपासतो. म्हणजे माल नाही, मालाबरोबरचे कागद तपासतो. माल तपासायला वेळ कोणाला आहे? कागद असेल तर माल आत, कागद नसेल तर ट्रक माघारी, मग ड्रायव्हर कितीही गयावया करो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या सहीशिवाय त्या फाटकातून एक खिळा आत गेलेला नाही. घरी मात्र मला पडदा टांगायलासुद्धा कोणी सांगत नाही.

तर टाकी हलवण्याचं नियोजन मी केलं. पूर्ण रिकामी केली तर साहेबांना नंतर परकं वाटेल, म्हणून तळाशी चार बोटं पाणी आणि सगळी खडी तशीच ठेवायची, ही कल्पना माझी. हमालांनी दोनदा सांगितलं, "काका, रिकामी करा, काच आहे." पण त्यांच्याकडे तसं लेखी काही नव्हतं. उचलताना एक बाजू आधी वर गेली, पाणी आणि खडी दुसऱ्या कोपऱ्यात धावली, आणि कुठून तरी 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. मी हमालांकडे बघितलं, हमालांनी माझ्याकडे बघितलं. सासरे दारात काठी टेकून उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्यांना ऐकू आलं नसावं, अशी मी माझी समजूत घातली. सासरे गाडीत पुढे बसले, मांडीवर बादली, बादलीत साहेब.

संध्याकाळी टाकी भरून झाली, साहेबांना आता आत सोडायचं एवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावर आमच्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी राहतात. तेच उभे होते, आणि त्यांच्या चष्म्याच्या एका काचेवर पाण्याचा थेंब होता.

"तुमच्या हॉलमधून माझ्या हॉलमध्ये पाणी येतंय," ते म्हणाले. "मी वर बघत होतो."

टाकीच्या मागच्या कोपऱ्यातून, जिथे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तिथून पाण्याची एक बारीक धार निवांतपणे टेबलावरून जमिनीवर जात होती. टाकी उपसली. साहेब बादलीतच राहिले. सासऱ्यांनी खुर्ची ओढून बादलीजवळ घेतली आणि बसले. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"तुम्हाला कळतंय ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "त्या माशाला काही झालं तर बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोलावतील आणि जातील. ते बोलून दाखवणार नाहीत, पण जातील. आणि तो जिना अजून तिथेच आहे."

मी म्हटलं, मी बघतो. ती म्हणाली, "तेच तर."

टाकी गळते ही बातमी इमारतीत पसरायला धारेइतकाही वेळ लागला नाही. पहिले आले ते समोरच्या फ्लॅटमधले मोजपट्टी. हे निवृत्त गृहस्थ आहेत. कशातून निवृत्त झाले ते कोणालाच माहीत नाही, पण खिशात कायम मोजपट्टी असते, म्हणून सगळे त्यांना मोजपट्टीच म्हणतात. त्यांनी आधी टाकी मोजली, मग टेबल मोजलं, मग मला विचारून माझी उंची लिहून घेतली. ती कशाला, हे मी थकव्यामुळे विचारलं नाही.

"भेगा बुजवतात ती लांबी लावा," ते म्हणाले. "दोन रंगांचे गोळे मिळतात, एकत्र मळायचे आणि थापायचे. माझ्या पाण्याच्या पाइपाला लावलेत, अकरा वर्षं झाली."

मेहुण्याने फोनवर सांगितलं, की गाडीच्या पुढच्या काचेला लावतात ते काळं डांबरासारखं आण. ऑफिसातल्या शिपायाने इन्स्टंट गोंद सुचवला, त्याची चप्पल त्यावर दोन वर्षं चालली होती. सेक्रेटरींच्या पत्नीने मेणबत्ती वितळवून ओतायला सांगितलं. फुकटचा सल्ला द्यायला लोकांना इतका हुरूप कुठून येतो? मला तर पगार घेऊनही तेवढा येत नाही. मी मोजपट्टींचं ऐकलं, कारण ते प्रत्यक्ष समोर उभे होते आणि जायला तयार नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून गोळे मळले आणि कोपऱ्यावर बाहेरून थापले. टाकीचा तो कोपरा दात दुखणाऱ्या माणसाच्या गालासारखा दिसायला लागला. सासरे खुर्चीवरून बघत होते. मधेच त्यांनी काही तरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण मोजपट्टी त्याच वेळी "आतून कशाला, बाहेरून भक्कम पाहिजे" असं म्हणाले आणि सासरे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं. पाणी आतून ढकलतं, बाहेरून नाही, हे आम्हा दोघा शहाण्यांना त्या गोळ्याने पटवून दिलं. तो आधी फुगला, मग अख्खाच्या अख्खा निघून टेबलावर पडला. त्यामागोमाग बेल वाजली.

या खेपेला सेक्रेटरींच्या हातात कागद होता. नमुना ग, तीन प्रतींत. घरातला कायमस्वरूपी जलसाठा. साठ्याचं वजन, भिंतीपासूनचं अंतर, कोणत्या भिंतीला, साठ्याचा हेतू. मी हेतूसमोर 'मासा' असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा वर केला.

"मासा हा हेतू नाही. मासा हा रहिवासी झाला. रहिवाशाचा रकाना पुढे आहे."

"अहो, आमच्या घरी म्हातारा माणूस आहे, तो मासा बादलीत..."

"माझी काही ना नाही हो. पण कागद अपुरा असेल तर मी सही कशी करू? उद्या सगळेच तलाव बांधतील."

हे वाक्य मी कुठे तरी ऐकलं होतं. मग आठवलं, की हे मीच म्हणतो, फाटकावर, आठवड्यातून चारदा. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना जे करत आलो, ते त्यांनी मला केलं, आणि माझ्यापेक्षा जास्त सभ्यपणे. दार लावताना मला त्या सगळ्या ट्रकवाल्यांची आठवण झाली. माफी मागावीशी वाटली, पण कोणाकोणाची मागणार?

चौथ्या दिवशी मी ठरवलं, की आता कोणाचं ऐकायचं नाही. आपल्या पद्धतीने जायचं. ऑफिस सुटल्यावर हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार तोंडात पेन्सिल धरून बोलणारा माणूस होता.

"काच चिकटवायची ना? सिलिकॉन न्या," त्याने दोन नळ्या काउंटरवर टाकल्या. "हे साधं. वास मारतं. हे भारी. बिनवासाचं, बुरशी धरत नाही, दहा वर्षांची हमी."

साध्या नळीवर 'शुद्ध सिलिकॉन' एवढेच दोन शब्द होते. टोपण उघडलं तर व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. असलं काही साहेबांच्या घरात? मी दुसरी नळी उचलली आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "याचे कागद आहेत?"

दुकानदाराने पेन्सिल तोंडातून काढली. मला वाटतं, त्याच्या आयुष्यात हा प्रश्न प्रथमच आला असावा. त्याने फडताळात शोधशोध केली आणि धूळ झटकून कंपनीचं एक पुडकं बाहेर काढलं. काय सांगू तुम्हाला! चकचकीत कागद, गोल शिक्के, चाचण्यांचे तक्ते, खाली तीन सह्या. ओलावा चाचणी उत्तीर्ण. ताण चाचणी उत्तीर्ण. बुरशी-प्रतिबंध चाचणी उत्तीर्ण, आणि तीही विशेष श्रेणीत. इतके सुरेख कागद माझ्या टेबलावर वर्षातून एकदा येतात. मी ते पुडकं छातीशी धरून घरी आलो. चार दिवसांत प्रथमच मला माझी किंमत कळल्यासारखं वाटलं.

घरी मी दोन्ही सिलिकॉनची कथा सांगितली. सगळ्यांनी नळीला नाक लावून बघितलं. बायकोने, मोजपट्टींनी, सेक्रेटरींनीसुद्धा.

"वासच नाही," बायको म्हणाली.

"वास नाही म्हणजे विष नाही," मोजपट्टींनी निकाल दिला.

मी सगळ्यांना कागद मोठ्याने वाचून दाखवले. सासऱ्यांनी पुडकं हातात घेतलं, शिक्का बोटाने चाचपला आणि "छपाई चांगली आहे" एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी रजा टाकली. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, त्यात डाव्या हाताची दोन बोटं कापली. नळी दाबली तर आधी काहीच येईना, मग एकदम सगळंच आलं. काचेवर, बाहीवर, कानाच्या पाळीवर. कोपऱ्यातली रेघ सापासारखी वळवळत खाली गेली, पण गेली एकदाची. कागदावर चोवीस तास लिहिले होते, मी तीस तास थांबलो. सहाव्या दिवशी संध्याकाळी टाकी भरली. एक थेंब नाही! मोजपट्टींनी दर तासाला येऊन पाण्याची पातळी मोजली. सेक्रेटरी स्वतःच्या हॉलमध्ये छताखाली उताणे पडून राहिले आणि काहीही पडलं नाही, असं त्यांनी स्वतः वर येऊन सांगितलं.

इथे कोणीही शहाण्या माणसाने मासा आत सोडला असता आणि जेवून घेतलं असतं. पण माझं शहाणपण नोकरीतून आलेलं. अंतिम मंजुरी कुठे आहे? कागद सिलिकॉनचे झाले, टाकीचं काय? शनिवारी सकाळी मी पुडकं घेतलं आणि शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो, तिथल्या बाईंकडून 'टाकी माशास योग्य' असं दोन ओळींत लिहून घ्यायला. घरी बजावून गेलो, की मी येईपर्यंत थांबा.

दुकानातल्या बाई गुडघाभर उंचीच्या स्टुलावर बसून एका टाकीतलं शेवाळ पुसत होत्या. त्यांनी ओल्या हातानेच माझा चकचकीत कागद घेतला, जे मला आवडलं नाही. वाचता वाचता त्यांचा पुसायचा हात थांबला.

"हे तुम्ही टाकीत लावलंत?"

"हो. बुरशी-प्रतिबंध विशेष श्रेणी आहे," मी बोट ठेवून दाखवलं.

"काका, हे न्हाणीघराचं आहे. बुरशी धरत नाही, कारण बुरशी मारायचं औषध त्यात घातलेलं असतं. ते पाण्यात उतरतं. बुरशी मारणारं माशाला सोडेल का?" त्यांनी कागद मला परत दिला. "मासे आत नाहीत ना?"

मी म्हटलं, नाहीत. मग वाटलं, एकदा फोन करून बघावा. बायकोने उचलला नाही. पुन्हा केला. मोजपट्टींनी उचलला.

"अहो, या लवकर! पाण्याचं तापमान अगदी बरोबर लागलं, म्हणून म्हटलं तुमची गंमत करू. साहेब स्थानापन्न झाले! अर्धा तास झाला. नुसते वर येऊन तोंड उघडतायत, खूष आहेत!"

मी काय ओरडलो ते आठवत नाही. दुकानातल्या बाई मागून काही तरी सांगत होत्या, तेही ऐकलं नाही. पन्नाशी उलटल्यावर माणसाने रस्त्यातून पळू नये, लोक मागे चोर बघतात. मी पळालो. डोक्यात एकच गोष्ट होती. तो जिना, तिसरी पायरी, आणि त्यावर बसून राहिलेले सासरे. मला त्या माणसाबद्दल इतकं काही वाटतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत आमचं जे बोलणं झालं होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

घरात शिरलो तो चपलांसकट. साहेब पाण्याच्या वरच्या थरात तिरके झाले होते, आणि हे नेहमीचं तोंड उघडणं नव्हतं. मी शर्टाच्या बाह्यांसकट दोन्ही हात टाकीत घातले. नऊ वर्षांचा मासा मरायला टेकला असतानाही किती सुळसुळीत असतो याची कल्पना येणार नाही. दोनदा निसटला. मोजपट्टी "जाळी, जाळी" करत मोजपट्टीच घेऊन धावले. तिसऱ्या वेळी बायकोने हातात पिठाची चाळणी दिली आणि तिच्यातून साहेब बादलीत गेले. खाली एका कुशीवर टेकले आणि तसेच राहिले. एक कल्ला हलत होता, तोही मनात येईल तेव्हा.

माझ्या कोपरांतून पाणी ठिबकत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "चूक माझी आहे. ते सिलिकॉन विषारी निघालं. मी कागद बघून आणलं. आणि..." आता इतकं सांगितलंच होतं. "आणि टाकी गळायला लागली तीही माझ्यामुळेच. हमाल सांगत होते रिकामी करा म्हणून. मी पाणी ठेवून उचलायला लावली."

"माहीत आहे मला," सासरे म्हणाले. "मी दारातच होतो की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मुलीचं घर, जावयाची व्यवस्था. पाहुण्याने किती बोलायचं?"

बायको रडायलाच लागली. मला रडता आलं नाही, कारण हात ओले होते आणि मोजपट्टी बघत होते. सहा दिवस हा माणूस खुर्चीत बसून आमचा गाढवपणा बघत होता, आणि कोणी त्याला साधं विचारलं नव्हतं, की बाबा, तुम्हाला काय वाटतं?

बादली न्हाणीघरात नेली आणि त्या दिवशी सासरे स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसून राहिले. बायकोने ताट तिथेच नेऊन दिलं. दर दोन तासांनी आम्ही अर्धं पाणी बदलत होतो, माझ्या अंघोळीचं पातेलंसुद्धा त्यात गेलं. रविवारी सकाळी मी भीत भीत डोकावलो. साहेब सरळ होते. जरा झुकलेले, सरकारी कामाच्या चौथ्या खेपेला माणूस उभा असतो तसे, पण सरळ.

मग मी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. या वेळी कागद नेला नाही, वही नेली. त्या सांगत गेल्या, मी लिहून घेत गेलो. शुद्ध सिलिकॉन, आत औषध-बिषध काही नको. व्हिनेगरचा वास येणारं चालतं, तो वास सुकताना उडून जातो, उडाला की भीती नाही. जुन्यावर नवं धरत नाही, म्हणून जुनं मुळापासून काढायचं. लावायचं ते आतून. सुकायला आठवडा द्यायचा, घाई करायची नाही. इन्स्टंट गोंद एखादं रोप दगडाला चिकटवायला ठीक, पाण्याचा भार धरायला नाही. मी विचारलं, "हे तुम्ही सही करून द्याल का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली.

हार्डवेअरवाल्याने वासाची नळी देताना विचारलं, "याचे कागद नाहीत हं. चालेल?" मी म्हटलं, चालेल. पावतीसाठी पुढे गेलेला हात मागे घेतला.

घरी येऊन नळी सासऱ्यांपुढे धरली. "बाबा, मला ही रेघ जमत नाही. तुम्ही मारता का?"

त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आधी ते सगळं काढा. तुम्ही कोपरा नीट खरवडलाच नव्हता. मी बघत होतो."

रविवार अख्खा खरवडण्यात गेला. मी खरवडायचं, त्यांनी बोट फिरवून बघायचं आणि "अजून आहे" म्हणायचं. मालाची अशी तपासणी मी जन्मात केलेली नाही. शेवटी त्यांनी नळीचं टोक तिरकं कापलं, मला टाकी आडवी धरायला लावली, श्वास रोखला आणि वरपासून खालपर्यंत एका दमात रेघ ओढली. सरळ, सारख्या जाडीची, जणू एखाद्या पाटीवरच्या अक्षराचा दांडा. हात जराही हलला नाही. मोजपट्टींनी मोजून बघितली आणि पट्टी खिशात घालून घरी गेले. या संपूर्ण कामात माझा वाटा काय, तर मी टाकी धरली. बायको शेजारणीला फोनवर सांगत होती, "बाबांनी केली दुरुस्ती. हो, हे होते ना मदतीला." मदतीला! आठवडाभर कापलेली बोटं माझी, आणि मी मदतीला.

मग तो आठवडा. घरात व्हिनेगरचा असा वास, की भूक लागायची बंद झाली. सेक्रेटरींनी जिन्यात नाक धरून चौकशी केली, की रसायनांचा साठा असेल तर नमुना वेगळा आहे. मी तोही भरला. आता मला रकाने पाठ होते. रोज संध्याकाळी सासरे टाकीत डोकं घालून वास घ्यायचे आणि "नाही अजून" म्हणायचे. मी पातेल्यातून अंघोळ करत राहिलो. साहेब बादलीत गोल गोल फिरत राहिले. आठव्या दिवशी वास गेला. टाकी दोनदा धुतली, भरली, चोवीस तास ठेवली. सासऱ्यांच्या सांगण्यावरून ते पाणीही फेकलं आणि भांड्याभांड्यांतून शिळं करून ठेवलेलं पाणी पुन्हा भरलं. मी खेपा मोजल्या नाहीत, माझ्या कमरेने मोजल्या.

सोमवारी संध्याकाळी साहेब टाकीत गेले. एक फेरी मारली, खडी तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली. खाली सेक्रेटरींचं छत कोरडं होतं. नमुना ग वर त्यांची सही झाली, 'पूर्व भिंत' असं लिहून शिक्कासुद्धा बसला. मी जमिनीवरच फतकल मारून बसलो. उठायची इच्छा नव्हती, पुढच्या आठवड्यापर्यंत तरी.

सासरे खुर्चीत बसून टाकीकडे बराच वेळ बघत होते. मग खिडकीकडे बघितलं, मग परत टाकीकडे.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही जागा काही बरोबर नाही."

"का हो बाबा?" माझा आवाज चिरकला.

"आत्ता थंडी आहे म्हणून लक्षात येत नाही. उन्हाळ्यात या खिडकीतून ऊन थेट पाण्यावर येणार. पाणी हिरवं पडतं त्याने, साहेबांना सोसत नाही. टाकी समोरच्या भिंतीला घ्या. आणि माझी खाट इकडे टाका, मला ऊन चालतं."

मी हिशेब केला. टाकी पुन्हा उपसायची, खडी काढायची, उचलायची, भरायची. साहेब परत बादलीत. पूर्व भिंतीची पश्चिम भिंत झाली म्हणजे नमुना ग रद्द, नवा भरायचा, तीन प्रतींत. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारात आलेली दिसली. तिच्या हातात झारा होता आणि ती तो धरायचा विसरल्यासारखी धरून उभी होती.

"उन्हाळ्यात, बाबा?" तिने विचारलं.

"मग? यंदा काय उन्हाळा येणार नाही की काय?" सासरे म्हणाले. "भिंत आधी पुसून घे, धूळ आहे तिथे."

उन्हाळ्याला अजून चार महिने होते. मी कमरेवर हात ठेवून उठलो, रबरी नळी आणली, तिचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि पाणी ओढायला लागलो.